गळ्यावरची जखम भरते, हे दाखवून देणारे हकीम : अबुल कासिम अल-झहरावी

घरात बाळ जन्माला येतं, कानात अजान दिली जाते, मिठाई वाटली जाते. पण एखाद्या घरात या आनंदाला दोन-चार दिवसांतच काळजी घेरते. बाळ श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो, छाती आत ओढली जाते, दूध पिताना ओठ निळे पडतात. डॉक्टर तपासून सांगतात, की श्वासनलिका जन्मतःच अरुंद आहे, गळ्याला खालच्या बाजूला छोटं छिद्र करून नळी बसवावी लागेल. हे ऐकून घरातल्या मोठ्यांचे हातपाय गळतात. गळ्यावर सुरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुर्बानीच येते. एवढ्याशा जिवाच्या गळ्यावर सुरी कशी चालवू द्यायची, हा प्रश्न आई-बापाला झोपू देत नाही.

हा प्रश्न हजार वर्षांपूर्वी एका मुस्लिम हकीमापुढेही आला होता. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. आज आम्ही त्यांचीच ओळख करून देत आहोत.

त्यांचं पूर्ण नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-झहरावी. जन्म साधारण इ.स. 936 चा, अंदलुसमधला, म्हणजे आजच्या स्पेनमधला. त्याच वर्षी खलीफा अब्दुर्रहमान तिसरे यांनी कुर्तुबा शहराजवळ डोंगराच्या पायथ्याशी मदीनतुज्-झहरा हे नवं राजनगर वसवायला घेतलं. या गावावरूनच ते झहरावी म्हणून ओळखले गेले. अन्सारी हेही त्यांच्या नावात येतं, कारण त्यांचं घराणं मदिनेच्या अन्सार लोकांपर्यंत पोहोचतं. युरोपात त्यांना अबुलकासिस म्हणतात.

त्यांच्या घरादाराविषयी, बायकामुलांविषयी इतिहासात फार थोडं सापडतं. पण त्यांचं काम मात्र पानोपानी सापडतं. आयुष्यभराच्या अनुभवावरून इ.स. 1000 च्या सुमारास त्यांनी अत-तसरीफ हा 30 भागांचा ग्रंथ पूर्ण केला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा. त्यात डाग देण्याचे उपचार, चिरफाडीचे उपचार आणि हाडं बसवण्याचे उपचार असे तीन विभाग आहेत. सुमारे 200 हत्यारांची चित्रं त्यांनी काढून दिली, म्हणजे लोहाराला दाखवून कुणालाही ती बनवून घेता यावीत. शिष्यांना ते आपली मुलं समजत आणि ग्रंथातही त्यांना तसंच संबोधत.

या भागाची सुरुवातच एका इशाऱ्याने होते. त्यांनी एका अडाणी वैद्याची हकीकत दिली आहे. त्याने एका बाईच्या मानेवरची गाठ कापायला घेतली, रक्तवाहिन्या कुठून जातात याची त्याला कल्पना नव्हती. त्याने त्याच कापल्या आणि ती बाई रक्त जाऊन त्याच्यासमोरच मरण पावली. झहरावींचं म्हणणं सरळ आहे. शरीराची आतली रचना ज्याला माहीत नाही, त्याने हत्यार हातात घेऊच नये. मान ही धोक्याची जागा आहे, हे ते नाकारत नाहीत. धोका कशात आहे, तेवढं ते नेमकं दाखवतात.

आता दुसरी हकीकत. एका गुलाम मुलीने सुरी घेऊन स्वतःच्या गळ्यात खुपसली. झहरावींना बोलावणं आलं. ते पोहोचले तेव्हा जिबह केलेल्या जनावराच्या नरड्यातून येतो तसा घरघर आवाज तिच्या गळ्यातून येत होता. त्यांनी घाई न करता आधी जखम नीट पाहिली. रक्त फार गेलेलं नव्हतं. म्हणजे मोठी रक्तवाहिनी शाबूत होती. जखमेतून हवा बाहेर येत होती, म्हणजे श्वासनलिका कापली गेली होती. त्यांनी लगेच जखम शिवली आणि ती भरेपर्यंत इलाज चालू ठेवला. मुलगी बरी झाली. आवाज तेवढा घोगरा राहिला.

दुसरा एखादा हकीम आपली वाहवा सांगून थांबला असता. झहरावींनी यातून धडा काढला. जुन्या यूनानी वैद्यांनी श्वास अडकलेल्या माणसाच्या श्वासनलिकेला छेद देण्याचा उपाय सांगितला होता, पण आपल्या मुलखात कुणी तो केल्याचं झहरावींनी पाहिलं नव्हतं. लोकांचा समज होता की तिथली जखम भरतच नाही. ही मुलगी वाचली, तेव्हा त्यांनी लिहिलं की या छेदात भीतीसारखं काही नाही. छेद कुठे द्यायचा तेही सांगितलं : तिसऱ्या किंवा चौथ्या कडीच्या खाली, दोन कड्यांमधल्या पडद्यावर, कुर्च्याला धक्का न लावता. आणि कधी करायचा नाही तेही सांगितलं. अडथळा वर, घशात असेल तरच याचा उपयोग आहे. खालची नळीच बिघडलेली असेल तर नाही.

लहान मुलांकडे त्यांचं खास लक्ष होतं. जिभेखालचा पडदा जन्मतः आखूड असल्याने ज्यांना बोलता येत नाही, अशा मुलांचा तो पडदा कापायची रीत त्यांनी दिली, आणि खोल कापू नका, तिथे रक्तवाहिनी आहे, अशी ताकीदही दिली. गुदद्वार बंद असलेल्या नवजात बाळाचा इलाज लिहिला. खतन्याबद्दल तर त्यांनी मोठ्या मायेने लिहिलंय. मुलाला आनंदात ठेवावं, हत्यार बाहीत किंवा पायाखाली लपवावं, त्याला दिसू देऊ नये. आपल्या घरात आजही हेच करतात ना?

आणि जिथे हात टेकले, तिथे तेही लपवलं नाही. डोक्यात पाणी साठलेली बाळं त्यांनी पाहिली. डोकं दिवसेंदिवस वाढत जायचं आणि शेवटी बाळ दगावायचं. अशा बाळांवर आपण हत्यार चालवलं नाही, असं ते स्पष्ट लिहितात. आपल्याला जमणार नाही हे सांगायलाही हिंमत लागते. ती त्यांच्यात होती.

त्यांचे शेवटचे दिवस धामधुमीत गेले. 1010 च्या सुमारास यादवीत मदीनतुज्-झहरा लुटलं गेलं. 1013 मध्ये कुर्तुबाही लुटलं गेलं आणि साधारण त्याच वर्षी झहरावींचं निधन झालं. शहर गेलं, ग्रंथ राहिला.

पुढच्या शतकात इशबीलिया, म्हणजे सेव्हिल शहरातले हकीम इब्न झुहर यांनी गळ्याच्या छेदाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. माणसावर करण्याआधी त्यांनी एका बकरीच्या श्वासनलिकेला छेद दिला, मध आणि पाण्याने जखम रोज धुतली. जखम पूर्ण भरली आणि बकरी पुढे बराच काळ जगली. त्याच शतकात तुलैतुला, म्हणजे तोलेदो शहरात गेरार्ड यांनी झहरावींच्या शस्त्रक्रियेच्या भागाचं लॅटिनमध्ये भाषांतर केलं. युरोपचे सर्जन कित्येक पिढ्या त्यावर शिकले. 1465 मध्ये अमास्याच्या शरफुद्दीन साबुंजूओग्लू यांनी त्याच आधारावर तुर्की भाषेत सचित्र ग्रंथ लिहिला.

तरीही भीती लवकर गेली नाही. इटलीत ब्रासावोला यांनी श्वासनलिकेला छेद देऊन रोगी वाचवल्याची नोंद 1546 ची आहे. 19 व्या शतकात पॅरिसचे डॉक्टर ट्रूसो यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या 200 हून अधिक रुग्णांवर ही शस्त्रक्रिया केली. चारातला एकच वाचला, पण त्या काळी तेही मोठं यश होतं.

आज चित्र फार बदललंय. श्वास घेताना आवाज करणाऱ्या बाळांमध्ये सर्वांत जास्त आढळतं ते स्वरयंत्राचं मऊपण, आणि ते बहुतेक मुलांमध्ये दीड-दोन वर्षांत आपोआप कमी होतं. थोड्यांनाच शस्त्रक्रिया लागते. स्वरयंत्राखालची जागा अरुंद असेल तर बरगडीचं कुर्चा लावून ती रुंद करता येते. श्वासनलिकेचा लांब भाग अरुंद असेल तर ती मध्ये कापून, दोन्ही तुकडे एकमेकांवर सरकवून शिवण्याची पद्धत 1989 पासून वैद्यकीय साहित्यात आहे. जिथे झहरावींनी हात थांबवला होता, त्या खालच्या नळीपर्यंत सर्जन आता पोहोचले आहेत.

गळ्यातली नळीही अनेक मुलांसाठी कायमची नसते. मूल वाढतं, रस्ता रुंद होतो किंवा केला जातो, आणि नळी काढता येते. तोवर रडण्याचा आवाज ऐकू येत नाही, नळी साफ करायला घरच्यांना शिकावं लागतं, रात्री जागावं लागतं. काही मुलांना एकाहून जास्त शस्त्रक्रिया लागतात, काहींचा आवाज घोगरा राहतो. सगळीच मुलं वाचतात असं नाही. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण उशीर केला तर बाळाचं नुकसानच वाढतं.

म्हणून आमची वाचकांना एवढीच विनंती. बाळाचा श्वास वाजत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. निळं पडत असेल तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. दुआ करा आणि डॉक्टरकडेही जा. तवक्कुल म्हणजे इलाज सोडणं नव्हे. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा : अडथळा नेमका कुठे आहे, नळी किती दिवस राहील, अशी किती मुलं तुम्ही हाताळलीत. झहरावींनी आपल्या शिष्यांना हेच शिकवलं होतं, की आधी जागा ओळखा, मग हात लावा. त्या गुलाम मुलीचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण तिच्या गळ्यावरची जखम भरली, आणि पुढच्या हकीमांना त्या जखमेने धीर दिला. तोच धीर आज आपल्या घरातल्या आई-बापालाही मिळो, इन्शाअल्लाह.