जॉर्ज वॉल्ड: अंधारात डोळा कसा पाहतो, हे शोधणारा माणूस

मोबाईलच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरबद्दल आपण नेहमी बोलतो. आज बोलूया आपल्या डोळ्यातल्या सेन्सरबद्दल, आणि तो सेन्सर उलगडण्यात आयुष्य घालवणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांच्याबद्दल.

न्यूयॉर्क ते बर्लिन

वॉल्ड यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. आईवडील युरोपातून आलेले ज्यू, वडील शिंपी. वॉल्ड यांनी कोलंबिया विद्यापीठात सेलिग हेक्ट यांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि १९३२ मध्ये बर्लिनला ओटो वारबुर्ग यांच्या प्रयोगशाळेत गेले.

‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो, हे तेव्हा माहीत होतं. पण का येतो, हे कोडंच होतं. वॉल्ड यांना हे जीवनसत्त्व थेट डोळ्याच्या पडद्यात, म्हणजे रेटिनात सापडलं. पुढचं काम झुरिक आणि हायडेलबर्गला झालं. पण १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू संशोधकांना तिथे राहणं अवघड झालं. वॉल्ड अमेरिकेत परतले. १९३४ पासून निवृत्तीपर्यंत ते हार्वर्डमध्येच होते.

सेन्सर कसा चालतो?

आपल्या एका डोळ्यात सुमारे १२ कोटी रॉड पेशी असतात. कमी उजेडात पाहायचं काम त्यांचं. त्यांच्यात ऱ्होडोप्सिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याला ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक छोटा वाकडा रेणू चिकटलेला असतो. त्याचं नाव रेटिनल. प्रकाश पडला की हा रेणू सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे सिग्नल जायला सुरुवात होते. वॉल्ड, रूथ हबर्ड आणि पॉल ब्राउन यांनी हे वर्षानुवर्षं खपून दाखवून दिलं. रूथ पुढे वॉल्ड यांच्या पत्नी झाल्या. १९६७ मध्ये वॉल्ड यांना हार्टलाइन आणि ग्रानिट यांच्यासोबत नोबेल मिळालं.

माल तयार, पण पोचवायचा कसा?

त्याच १९६७ साली रिचर्ड यंग यांनी दाखवलं, की रॉड पेशीचा प्रकाश टिपणारा भाग सतत नवा होत असतो. साधारण दहा दिवसांत तो पूर्ण बदलतो.

हे समजायला आमचं जालना बघा. मध्ये कुंडलिका नदी, एका बाजूला जुना जालना, दुसऱ्या बाजूला नवा. समजा सगळे कारखाने एका काठावर, सगळी दुकानं दुसऱ्या काठावर आणि मध्ये एकच अरुंद पूल. रॉड पेशी अगदी अशीच असते. प्रथिनं एका भागात बनतात, लागतात दुसऱ्या भागात, आणि मधला पूल म्हणजे सिलियम, केसापेक्षाही कितीतरी बारीक दांडी. त्यावरून दर मिनिटाला हजारो ऱ्होडोप्सिन रेणू पलीकडे जातात. कुरिअरच्या पार्सलवर पिनकोड असतो ना, तसा ऱ्होडोप्सिनच्या शेपटाशी पत्ता असतो. तो वाचून पेशी माल वेगळा काढते आणि पुलापर्यंत नेते.

पत्ता चुकला किंवा पूलच बिघडला, तर माल अलीकडेच साचतो आणि पेशी हळूहळू मरते. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजाराचं हे एक कारण. या आजाराच्या काही कुटुंबांत ऱ्होडोप्सिनच्या जनुकातच बिघाड असल्याचं १९९० मध्ये समजलं. वॉल्ड तेव्हा हयात होते.

आपल्याला याचं काय?

माझे मामा अंबड तालुक्यात शेती करतात. लाइट रात्रीची असली की मोटार चालू करायला जावं लागतं, आणि त्यांना बांध दिसत नाही. गावात सगळे सांगायचे, गाजर खा, पपई खा. मामांनी कित्येक वर्षं खाल्लं. पण त्यांचा आजार रेटिनाचा निघाला. ‘अ’ जीवनसत्त्व कमी असेल तर आहाराने आणि औषधाने फरक पडतो. पत्ता चुकलेल्या प्रथिनाला मात्र गाजर पत्ता सांगू शकत नाही.

म्हणून तुम्हाला किंवा घरात कुणाला अंधारात नीट दिसत नसेल, बाजूचं दिसेनासं झालं असेल, तर रेटिनाची तपासणी करून घ्या. जालन्यात श्री गणपती नेत्रालयासारखं डोळ्यांचं मोठं रुग्णालय आहे. घरात आधी कुणाला असा त्रास होता का, तेही डॉक्टरांना सांगा.

वॉल्ड नोबेलनंतर प्रयोगशाळेपुरते राहिले नाहीत. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध आणि अण्वस्त्रांविरुद्ध ते उघडपणे बोलत राहिले. १२ एप्रिल १९९७ रोजी त्यांचं निधन झालं. रातांधळेपणाचं अर्धं कोडं त्यांनी सोडवलं. उरलेलं अर्धं त्या बारीक पुलावर आहे, आणि संशोधक आजही त्यावर काम करतायत.

लेख आवडला तर ज्याला रात्री कमी दिसतं, त्याला नक्की पाठवा.