एका खोलीतले तिघे

गोव्याला जाऊन आलेला परभणीचा पोरगा काय सांगणार हे सगळ्यांना पाठ आहे. समुद्र, फोटो आणि घाटात कोणाकोणाला उलट्या झाल्या त्याची यादी! मी पण महिनाभर तेच सांगत फिरलो. पण आज लिहायला बसलो तर समुद्र काही आठवत नाही. आठवते ती जुन्या गोव्यातली बॅसिलिका ऑफ बॉम जीझस, आणि तिथे चांदीच्या पेटीत झोपलेला एक माणूस, सेंट फ्रान्सिस झेवियर.

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या सेकंड इयर सिव्हिलची स्टडी टूर निघाली. लातूर, सोलापूर, बेळगाव करत दुसऱ्या दिवशी अंग मोडून पोहोचलो. सरांनी बसमध्येच बजावलं होतं. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना फिरता येत नाही, आत शांतता पाळायची, म्हणून वीस-वीस जणांची बॅच आणि प्रत्येक बॅचला फक्त तीस मिनिटं. आत मोठ्यानं बोलायचंच नाही म्हटल्यावर गाईड कोण करणार? पण माझा गाईड माझ्या कानात होता.

त्याची गोष्ट अशी. माझे रूम पार्टनर फायनल इयरला होते. डिप्लोमा करून सात-आठ वर्षं साईटवर सुपरवायझरकी केली आणि मग डिग्रीला आले. वयानं आमच्यापेक्षा बरेच मोठे, म्हणून अख्खं हॉस्टेल त्यांना दादा म्हणायचं. पहाटे पाचला त्यांचा दिवा लागायचा आणि माझी झोपमोड व्हायची. एकदा त्यांनी मला तोंडावर सांगितलं की असाच राहिलास तर एम-थ्री राहणार. आणि राहिलाच की हो! राग आला तो विषयावर नाही, दादांवर. महिनाभर आम्ही एका खोलीत राहून एकमेकांशी बोललो नाही.

टूरच्या आदल्या रात्री मोबाईलवर त्यांची एक ऑडिओ फाईल येऊन पडली. सव्वीस मिनिटांची. दादा दोन वर्षं गोव्यात साईटवर होते, सुटीच्या दिवशी त्या चर्चमध्ये जाऊन बसायचे, मग लायब्ररीत शोधून वाचायचे. तेच सगळं त्यांनी हॉस्टेलच्या गच्चीवर बसून माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. मागे टाकी भरून वाहल्याचा आवाज, अधूनमधून कुत्री. दाराशी गेल्यावर चालू कर, सांगेन तिथे थांब, एवढीच सूचना.

पहिला थांबा बाहेरच. दादांनी आधी दगड बघायला लावला. आपल्याकडे जमीन उकरली की काळा दगड. इथली भिंत तांबड्या जांभ्याची आहे, आणि दर्शनी भागात जो काळा दगड वापरलाय तो वसईहून आणलेला. बांधकाम सुरू झालं १५९४ साली, पूर्ण होऊन १६०५ मध्ये चर्च प्रार्थनेला खुलं झालं. लांबी सुमारे १८३ फूट, रुंदी ५५. पूर्वी बाहेरून चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढून टाकला. जांभा सच्छिद्र, पाणी पितो. त्यात गोव्याचा पाऊस. त्यामुळे गिलावा परत करावा का, यावर आजही वाद आहे. आपण सिव्हिलवाल्यांनी विचार करावा असा प्रश्न आहे. असो.

दुसरा थांबा आत, मागच्या बाकाशेजारी. इथून फ्रान्सिसची गोष्ट सुरू झाली.

हा मुलगा ७ एप्रिल १५०६ रोजी आजच्या स्पेनमधल्या नव्हारा प्रांतात, झेवियरच्या गढीत जन्मला. घर खानदानी, वडील नव्हाराच्या राजाच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर. पण तो सहा वर्षांचा असताना कॅस्टिलच्या फौजेनं नव्हारा जिंकलं. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. त्यानंतर लगेच सरकारी हुकमानं गढीचे बुरूज पाडले. भाऊ बंडात उतरले. घरची पत गेली, तेव्हा शिकून काहीतरी व्हावं म्हणून १५२५ साली फ्रान्सिस पॅरिसला निघाला. म्हणजे आपल्यासारखाच, गावातली परिस्थिती मागे टाकून हॉस्टेलला आलेला पोरगा.

सेंट बार्ब नावाच्या कॉलेजात त्याला खोली मिळाली. पार्टनर होता पीटर फेबर, सव्हॉयच्या डोंगरातला शेतकऱ्याचा मुलगा, लहानपणी मेंढ्या राखलेला. दोघं एकाच वर्षी, एकाच महिन्यात जन्मलेले. फ्रान्सिस खेळात तरबेज, दिसायला रुबाबदार, खर्चाला सढळ. त्याचं चांगलं चाललं होतं. १५२९ मध्ये त्या खोलीत तिसरा माणूस आला. वय ३८, चालताना लंगडणारा. पोरांच्या वर्गात बसून लॅटिन शिकलेला. कपडे साधे, खिशात पैसे नाहीत, आणि बोलणं सगळं देवाधर्माचं. हाच इग्नेशियस लॉयोला.

इग्नेशियस मुळात सैनिकी पेशातला. १५२१ मध्ये पॅम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला. त्या लढाईत तो कॅस्टिलच्या बाजूनं होता आणि फ्रान्सिसचे भाऊ विरुद्ध बाजूला! म्हणजे ज्या राज्यानं आपलं घर पाडलं त्याचा माजी शिपाई रूम पार्टनर म्हणून आला. फेबर इग्नेशियसला ॲरिस्टॉटल शिकवायचा, दोघांचं लवकर जमलं. फ्रान्सिस मात्र त्याची टिंगल करायचा.

१५३० मध्ये फ्रान्सिस एम. ए. झाला आणि दुसऱ्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवू लागला. नवा मास्तर, वर्गात पोरं कमी, खिसा रिकामा. तेव्हा इग्नेशियसनं त्याच्यासाठी विद्यार्थी जमवले, पैशाची सोय केली. उपदेश केला असेल तो नंतर. हळूहळू फ्रान्सिस बदलला. कोणत्या दिवशी बदलला ते कोणी सांगू शकत नाही. पण १५ ऑगस्ट १५३४ ला पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर सात जणांनी गरिबीचं आणि सेवेचं व्रत घेतलं, त्यात खोलीतले तिघंही होते. त्यातूनच पुढे सोसायटी ऑफ जीझस, म्हणजे जेझुइट पंथ उभा राहिला.

मी बाकाशेजारी उभा होतो. दादांचा आवाज जरा वेळ थांबला, फक्त टाकीचं पाणी ऐकू येत होतं. मला वाटलं, हे मला उद्देशून आहे का? मग म्हटलं, नसेल. घड्याळात अकरा मिनिटं गेली होती.

तिसरा थांबा मुख्य वेदीसमोर. सोन्याचा मुलामा दिलेली भलीमोठी नक्षी. तिथे बाळ येशूच्या वर मोठी मूर्ती कोणाची, तर इग्नेशियसची. त्या मूर्तीकडे बघत पुढचं ऐक, असं दादांनी सांगितलं.

१५४० साली पोर्तुगालच्या राजानं पूर्वेकडे पाठवायला माणसं मागितली. एकाचं नाव ठरलं होतं, तो तापानं आडवा पडला. इग्नेशियसनं फ्रान्सिसला विचारलं. फ्रान्सिसनं एका दिवसात फाटकेतुटके कपडे शिवून घेतले आणि रोम सोडलं. ती त्या दोघांची शेवटची भेट. पुढच्या वर्षी ७ एप्रिलला, म्हणजे आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, तो लिस्बनहून जहाजात बसला. वाटेत मोझांबिकला महिनोन्‌महिने अडकून ६ मे १५४२ रोजी गोव्याला उतरला. तेरा महिने! आणि आपण एका रात्रीच्या बसला कंटाळतो.

गोव्यात तो दवाखान्यात राहायचा, कैद्यांना आणि महारोग्यांना भेटायचा, रस्त्यानं घंटी वाजवत पोरं गोळा करायचा आणि त्यांना प्रार्थना शिकवायचा. मग तमिळ किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या कोळ्यांमध्ये गेला. भाषा येत नव्हती, म्हणून प्रार्थना तमिळमध्ये करून घेऊन पाठ केल्या. त्याच दिवसांत त्यानं युरोपला लिहिलं, की पॅरिसच्या विद्यापीठात जाऊन नुसतं शिकत बसलेल्या विद्वानांना ओरडून जागं करावंसं वाटतं. १५४५ मध्ये मलाक्का, पुढे मोलुक्का बेटं. १५ ऑगस्ट १५४९ ला जपानच्या कागोशिमात उतरला. दोन वर्षांहून जास्त तिथे राहिला. मग त्याला चीनचा ध्यास लागला.

या फिरतीत त्याच्याजवळ एक वस्तू कायम असायची. मित्रांची पत्रं येत, तीही वर्ष-दोन वर्षांनी. त्या पत्रांच्या खालच्या सह्या तो कापून ठेवायचा आणि छोट्या पिशवीत घालून जवळ बाळगायचा. १५४६ मध्ये रोमला फेबर वारला. पार्टनर गेल्याची बातमीसुद्धा फ्रान्सिसला अशीच उशिरा मिळाली असणार.

चौथा थांबा उजवीकडे, समाधीजवळ. मान वर करून बघावं लागतं. खाली संगमरवराचा उंच चौथरा, टस्कनीच्या ड्यूकनं भेट दिलेला, फ्लॉरेन्सच्या फोजिनी नावाच्या शिल्पकारानं घडवलेला, १६९८ मध्ये इथे बसवलेला. वर चांदीची पेटी, १६३७ ची, आपल्या गोव्याच्याच कारागिरांची. दर दहा वर्षांनी ती खाली आणून लोकांना दर्शन देतात. मागचं दर्शन ५ जानेवारी २०२५ ला संपलं, आम्ही महिनाभर उशीर केला. पण तेव्हाची गर्दी कशी असेल ते आपल्याला सांगायला नको. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस पाहिलेला माणूस ती ओळखतो.

शेवट असा झाला. चीनमध्ये परक्यांना बंदी होती. किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर गुपचूप नेणाऱ्या नावेची वाट बघत फ्रान्सिस थांबला. नाव आली नाही, ताप आला. ३ डिसेंबर १५५२ रोजी एका झोपडीत, वयाच्या ४६ व्या वर्षी तो गेला. हाडं लवकर मोकळी व्हावीत म्हणून पुरताना पेटीत चुना टाकला. काही आठवड्यांनी उकरलं तर शरीर जसंच्या तसं दिसलं, असं तेव्हाच्या लोकांनी नोंदवून ठेवलंय. आधी मलाक्का आणि मग १५५४ च्या मार्चमध्ये ते गोव्याला आलं.

आणि १५५३ च्या जूनमध्ये इकडे रोममध्ये इग्नेशियस त्याला पत्र लिहीत होता, की आता युरोपला परत ये. ज्याला लिहीत होता तो सहा महिन्यांपूर्वीच गेला होता.

हे ऐकताना आजूबाजूची बॅच पुढे सरकली होती. मी तिथेच.

दादांनी फाईल इथे संपवली नाही. या माणसाची दुसरी बाजूही त्यांनी सांगितली. इथल्या लोकांचे देव त्याला खोटे वाटायचे, मूर्ती फुटल्या तर आनंद व्हायचा, हे त्याच्या पत्रांतच आहे. १५४६ मध्ये त्यानं पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची मागणी केली. ते १५६० मध्ये, त्याच्या मरणानंतर आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. धर्म बदललेल्यांनी जुन्या चालीरीती पाळल्या म्हणून त्यांना तुरुंग, जप्ती, काहींना जिवंत जाळणं, सगळं झालं. हिंदूंनाही झळ बसली.

परतीच्या बसमध्ये यावरून दोन तट पडले. एक गट त्याला संत म्हणत होता, दुसरा अत्याचाराचं मूळ. बेळगाव येईपर्यंत भांडण. मला दोन्हीकडे बसता आलं नाही. महारोग्याजवळ बसणारा तोच आणि ते पत्र लिहिणाराही तोच. एक बाजू खोडून दुसरी लिहिली की गोष्ट सोपी होते, पण मग ती त्याची राहत नाही. दादांनी दोन्ही सांगितल्या याचं मला बरं वाटलं. माझ्याबद्दलही त्यांनी तोंडावर खरंच सांगितलं होतं ना!

१६२२ मध्ये फ्रान्सिस आणि इग्नेशियस दोघांना एकाच दिवशी संतपद मिळालं. खोलीतला तिसरा, मेंढ्या राखणारा फेबर, त्याला मिळालं २०१३ साली. ३९१ वर्षांनी का होईना, खोलीचा निकाल शंभर टक्के लागला!

टूरहून आलो तेव्हा दादा प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये बुडालेले. मी फाईल ऐकल्याचं सांगितलं, त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला दिवा लागला तसा मीही उठलो. एम-थ्री त्या उन्हाळ्यात निघाला. पण एवढं मोठं आभाराचं काही आपल्याला बोलता येत नाही. सेंड-ऑफच्या दिवशी सगळ्यांनी शर्टवर सह्या केल्या, तेव्हाही मी नुसता पाठ वळवून उभा राहिलो. दादांनी खांद्याजवळ सही केली, आणि जूनमध्ये बॅग उचलून साईटवर निघून गेले.

तो शर्ट मी धुतलेला नाही. फाईलही मोबाईलमध्ये आहे, टाकीच्या पाण्यासकट. आणि इग्नेशियसचं उशिरा निघालेलं पत्र डोक्यातून जात नाही. आपल्याला तर नुसता फोन उचलायचा असतो, तरी राहून जातं. म्हणून हा अंक छापून आला की पहिली प्रत दादांना पाठवणार आहे. आणि त्याच्या आधी, आजच रात्री, फोन.