भयाला आरसा दाखवणारा दिग्दर्शक

एप्रिल १९६०मध्ये लंडनमध्ये 'पीपिंग टॉम' हा चित्रपट प्रदर्शित झाला. समीक्षकांनी त्याच्यावर अशी काही झोड उठवली की, वितरकांनी थोड्याच दिवसांत तो चित्रपटगृहांतून काढून घेतला. हा चित्रपट कुणा नवख्याचा नव्हता. ब्रिटिश चित्रपटसृष्टीला वैभवाचे दिवस दाखवणाऱ्या मायकेल पॉवेल यांचा तो होता. या एका चित्रपटाने त्यांची मायदेशातील कारकीर्द जवळजवळ संपवली.

पॉवेल यांचा जन्म ३० सप्टेंबर १९०५ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. काही काळ बँकेत नोकरी केल्यानंतर १९२५मध्ये ते फ्रान्समधील नीस येथे रेक्स इन्ग्रॅम या दिग्दर्शकाच्या हाताखाली दाखल झाले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी आल्फ्रेड हिचकॉक यांच्या मूकपटासाठी स्थिरचित्रे टिपली. पुढे हंगेरीतून आलेले लेखक एमरिक प्रेसबर्गर यांच्याशी त्यांची जोडी जमली. लेखन, निर्मिती आणि दिग्दर्शन या तिन्हींचे श्रेय दोघे बरोबरीने घेत. १९४७चा 'ब्लॅक नार्सिसस' हा हिमालयातील मठात राहणाऱ्या जोगिणींच्या मानसिक घुसमटीचा चित्रपट. त्यात म्हैसूरच्या साबूची भूमिका होती. मात्र हिमालय उभा राहिला तो इंग्लंडमधील स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यांवर. पाठोपाठ १९४८मध्ये 'द रेड शूज' आला. १९५७मध्ये ही जोडी कटुतेविना विलग झाली.

त्यानंतर पॉवेल यांच्याकडे लिओ मार्क्स हा लेखक आला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हेरांसाठी सांकेतिक लिपी तयार करण्याचे काम त्याने केले होते. त्याच्या कथेचा नायक स्टुडिओत कॅमेऱ्यावर काम करणारा लाजाळू तरुण आहे. त्याच्या शास्त्रज्ञ पित्याने भीतीचा अभ्यास करण्यासाठी त्याला लहानपणी सतत घाबरवले आणि त्याचे चित्रण करून ठेवले. मोठेपणी हा तरुण कॅमेऱ्याच्या तिपाईत दडवलेल्या पात्याने स्त्रियांचे खून करतो आणि मरणाऱ्या स्त्रीला स्वतःचा भयभीत चेहरा दिसावा म्हणून कॅमेऱ्याला आरसा लावतो. त्याच्या घरात भाड्याने राहणाऱ्या मुलीच्या आंधळ्या आईलाच सर्वांआधी त्याचा संशय येतो.

त्या निर्दय पित्याची भूमिका स्वतः पॉवेल यांनी केली आणि लहान मुलाच्या भूमिकेत आपल्याच मुलाला, कोलंबाला, उभे केले. कॅमेरा रोखणाऱ्याच्या क्रौर्याचा हिशेब मांडताना त्यांनी स्वतःला वगळले नाही. प्रेक्षकालाही वगळले नाही. खून पाहणारा प्रेक्षक खुन्याच्याच कॅमेऱ्यातून पाहत असतो आणि तरीही त्या खुन्याविषयी त्याला करुणा वाटत राहते. त्या काळच्या समीक्षकांना नेमके हेच सहन झाले नसावे. त्याच वर्षी आलेल्या हिचकॉक यांच्या 'सायको'ने मात्र प्रचंड यश मिळवले. एकेकाळच्या दोन सहकाऱ्यांच्या वाट्याला दोन अगदी भिन्न निवाडे आले.

पॉवेल यांना मायदेशात काम मिळणे अवघड झाले. १९६६ आणि १९६९मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियात दोन चित्रपट केले. त्यानंतरची वर्षे आर्थिक विवंचनेत आणि विस्मृतीत गेली. दरम्यान 'पीपिंग टॉम'च्या मोजक्या प्रती चित्रपटवेड्यांच्या वर्तुळात फिरत होत्या. अमेरिकेतील मार्टिन स्कोर्सेसी हा तरुण दिग्दर्शक त्यांपैकीच एक. त्याच्या पुढाकारामुळे १९७९मध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात हा चित्रपट पुन्हा पडद्यावर आला आणि नव्या पिढीने त्याला अभिजात मानले. १९८१मध्ये ब्रिटिश चित्रपट अकादमीने पॉवेल आणि प्रेसबर्गर यांना आपली फेलोशिप दिली. स्कोर्सेसी यांच्या संकलक थेल्मा स्कूनमेकर यांच्याशी पॉवेल यांनी १९८४मध्ये विवाह केला. १९ फेब्रुवारी १९९० रोजी त्यांचे निधन झाले.

धिक्कार आणि सन्मान यांच्यामध्ये जवळपास वीस वर्षे गेली. चौपन्नाव्या वर्षी बहिष्कृत झालेला कलावंत सन्मान स्वीकारताना पंचाहत्तरीचा झाला होता. 'पीपिंग टॉम' आज मानसशास्त्रीय भयपटांच्या इतिहासातील मैलाचा दगड मानला जातो. मात्र पॉवेल यांच्या ऐन उमेदीत जे चित्रपट होऊ शकले असते, ते कोणत्याही महोत्सवाला आता दाखवता येणार नाहीत.