पृथ्वी मोजणारा सैनिक

इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावर स्कारबरो, फायली अशा ठिकाणी रोमन सैन्याच्या इशारा-ठाण्यांचे अवशेष आहेत. समुद्रावरून शत्रू येताना दिसला की वर्दी द्यायची, यासाठी चौथ्या शतकाच्या अखेरीस ती बांधली गेली. त्याच यॉर्कशायरात साध्या घरात जन्मलेल्या विल्यम लॅम्टन या सैनिकाने पुढे आपल्या डोंगरांवरही निशाणे रोवली. पण ती पृथ्वी मोजण्यासाठी!

१७९९ साली टिपूविरुद्धच्या युद्धात रात्रीच्या अंधारात इंग्रजांची एक तुकडी चुकून शत्रूच्या छावणीकडेच निघाली होती. ताऱ्यांवरून दिशा ओळखून लॅम्टनने ती चूक दाखवून दिली. युद्ध संपले आणि त्याने आयुष्यभराचे काम हाती घेतले. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरचे निशाण पाहायचे, कोन घ्यायचे, त्रिकोण सोडवायचा. एका त्रिकोणाची बाजू हा पुढच्याचा पाया.

पडताळ्यासाठी १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजली. सात मैलांत हिशेब आणि मोजणी यांत चार इंचांहून कमी फरक निघाला. बँकेत दिवसाअखेर ताळा जुळेपर्यंत घरी जाता येत नसे. म्हणून मला या चार इंचांचे मोल फार वाटते.

१८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून अर्ध्या टनाचे थिओडोलाइट आपटले. लॅम्टन तंबूत सहा आठवडे बसला आणि त्याने ते स्वतः दुरुस्त केले.

आमच्या धर्माबादजवळून ७८ रेखांश जातो. त्याच्याच आसपासने त्रिकोणांची ही माळ दक्षिण टोकापासून बीदर, गोदावरी ओलांडून वऱ्हाडापर्यंत आली. यंत्रे वाहणारे, जंगल तोडणारे, टेकडीवर निशाण सांभाळत बसणारे मजूर इथलेच. कृष्णा-गोदावरीच्या जंगलांत तापाने कितीकांना गाठले. त्यांची नावे कुठल्या नकाशावर नाहीत.

हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला लॅम्टन वारला. सत्तरीच्या घरात होता. त्याची कबर तिथेच आहे. पुढे त्याचा सहकारी जॉर्ज एव्हरेस्ट याचे नाव जगातल्या सर्वोच्च शिखराला मिळाले. लॅम्टन मात्र विस्मरणात गेला.

रोमनांनी दगडी चौथरे मागे ठेवले. सर्वेक्षणाची खूण त्याहून लहान: खडकात कोरलेला बिंदू आणि त्याभोवती वर्तुळ. रविवारी मुलांना घेऊन एखाद्या टेकडीवर गेलात आणि अशी खूण दिसली, तर तिच्यावर नाव कोरू नका. तिथे उभे राहून कोणीतरी आपला देश मोजला आहे.