शिशात वीज साठवणारा गास्तों प्लाँते

झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोटारहोम किंवा कॅराव्हॅन घेऊन सुटीवर निघण्याची प्रथा युरोप-अमेरिकेत जुनी आहे. गाडी रानात मुक्कामाला थांबली की दिवे आणि पाण्याचा पंप चालतो तो गाडीतील स्वतंत्र बॅटऱ्यांवर. लिथियमने आता तेथे शिरकाव केला असला, तरी शिसे आणि गंधकाम्लाच्या बॅटऱ्या अद्याप हद्दपार झालेल्या नाहीत. त्यांचे जनकत्व जाते गास्तों प्लाँते या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाकडे.

प्लाँते यांचा जन्म २२ एप्रिल १८३४ रोजी नैर्ऋत्य फ्रान्समधील ओर्तेझ येथे झाला. धाकटे बंधू फ्रान्सिस पुढे नामवंत पियानोवादक झाले. गास्तों मात्र १८५४ मध्ये पॅरिसच्या प्रयोगशाळेत एदमों बेकरेल यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी पॅरिसजवळ मदों येथे त्यांना एका प्रचंड, न उडणाऱ्या पक्ष्याचे जीवाश्म सापडले. त्या पक्ष्याला गास्तोर्निस हे नाव मिळाले ते त्यांच्यावरूनच.

आम्लात बुडवलेल्या धातूच्या पत्र्यांतून वीज सोडून ती थांबवली, तर काही क्षण उलट दिशेने प्रवाह वाहतो, हे तोवर ठाऊक होते. बहुतेकांच्या लेखी ती कटकट होती. प्लाँते यांनी तिच्यातच संधी पाहिली. निरनिराळे धातू तपासताना शिशाचा उलट प्रवाह सर्वांत जोरकस आणि टिकाऊ ठरला. १८५९ मध्ये त्यांनी शिशाचे दोन पत्रे, मध्ये अंतर राखून, एकत्र गुंडाळले आणि विरल गंधकाम्लात ठेवले. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. १८६० मध्ये अशा नऊ घटांची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे सादर झाली.

साठवण तर साधली. पण भरायची कशाने? खरी अडचण येथेच होती. डायनॅमो व्यवहारात यायचा होता. जस्त खाणाऱ्या आणि नायट्रिक आम्लाची वाफ सोडणाऱ्या बुन्सेन घटांनीच चार्जिंग करावे लागे. शिवाय नवे पत्रे फारच थोडी वीज धरत. ती भरायची, उपसायची, दिशा पालटून पुन्हा भरायची, मध्ये विश्रांती द्यायची, असे चक्र दीर्घकाळ चालवल्यावरच पत्र्यावर शिशाच्या डायऑक्साइडचा पुरेसा थर तयार होई. या चिकाटीला तोड नाही. भरताना घट समांतर आणि वापरताना एकामागोमाग एक जोडून, मोजक्या बुन्सेन घटांच्या बळावर त्यांनी पुढे शेकडो घटांतून प्रचंड विद्युतदाबही मिळवला.

१८७० च्या दशकात ग्रामचा डायनॅमो आला. १८८१ मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन घट तयार करण्याचा वेळ वाचवला. त्याच वर्षी गुस्ताव त्रुवे यांची विजेवरची तीनचाकी पॅरिसच्या रस्त्यावर धावली.

चार्जिंगचा संयम मात्र सुटला नाही. बारा व्होल्टची बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते. उरलेला भाग सुमारे १४.४ व्होल्टवर, घटत्या प्रवाहाने, काही तास घेतो. घटकाभर इंजिन चालवून भागत नाही. बॅटरी अर्धवट भरलेली राहिली की पत्र्यांवरील शिशाचे सल्फेट घट्ट होत जाते आणि तिची धारणाशक्ती घटते. मुक्कामाच्या जागी वीजजोडणी घेणारे किंवा टपावर सौर पॅनेल बसवणारे कॅराव्हॅनधारक हा वेळच विकत घेत असतात.

प्लाँते यांचे निधन २१ मे १८८९ रोजी मदोंमधीलच बेल्व्यू येथे झाले. ते ५५ वर्षांचे होते.