डॉ. कमल रणदिवे

उर्दूत ज्या रोगाला आपण सरतान म्हणतो, त्यालाच मराठीत कर्करोग म्हणतात. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच प्राणी आहे, खेकडा! गाठीभोवती फुगलेल्या शिरा प्राचीन ग्रीक हकिमांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, त्यावरून हे नाव पडले. स्त्रियांच्या स्तनांत होणाऱ्या कर्करोगाबद्दल आपल्याकडे अजूनही हळू आवाजात बोलतात. सुरुवातीला गाठ बहुधा दुखत नाही. स्त्री लाजेने ती लपवते आणि रोग वाढत जातो. या रोगाचे मूळ शोधण्यासाठी एका मराठी स्त्रीने आयुष्याची अनेक वर्षे वेचली.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. त्यांचे माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. कमल हुजूरपागेच्या शाळेत शिकली. मुलीने डॉक्टर व्हावे व डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांपैकी काहीच घडले नाही. कमलने वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले आणि १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह केला. पतीने त्यांच्या शिक्षणाला साथ दिली. १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. केले, तेही सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून!

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्यांना डॉ. वसंत खानोलकर यांच्यासारखे गुरू लाभले. १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या. शरीराबाहेर काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवण्याची विद्या त्या तेथे शिकल्या. तेथेच राहणे सोपे होते. पण त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी तशीच प्रयोगशाळा उभारली.

त्यांनी प्रयोगासाठी उंदीर निवडले. उंदरांच्या काही वंशांत बहुतेक माद्यांना स्तनांच्या गाठी होतात, तर काहींत क्वचितच. असे का? एका वंशातील मादीच्या दुधातून पिलांना एक विषाणू मिळतो, हे १९३६ च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आले होते. पण तेवढ्याने कोडे सुटत नव्हते. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांचा एकमेकांशी संबंध काय, हे कमलताईंनी वर्षानुवर्षे तपासले. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ही उंदरांची हकिकत आहे. आईच्या दुधाला भिण्याचे कारण नाही. उलट बाळाला दूध पाजणाऱ्या आईला या रोगाचा धोका थोडा कमीच असतो.

आज पवनीची एखादी स्त्री तपासणीसाठी नागपूरला गेली, तर तेथे मॅमोग्राफी नावाच्या क्ष-किरण तपासणीने लहानशी गाठही दिसू शकते. सत्तरच्या दशकात अमेरिकेत खास स्तनांसाठी सीटी स्कॅनचे यंत्रही करून पाहिले. पण त्यात शिरेतून औषध टोचावे लागे, म्हणून ते रुळले नाही. रोग शरीरात कोठवर पसरला, हे पाहण्यास मात्र सीटी स्कॅन फार उपयोगी पडतो. यंत्र गाठ कोठे आहे ते दाखवते. ती का झाली, हा प्रश्न कमलताईंचा होता.

कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर कोणी आराम केला असता. कमलताई अहमदनगर जिल्ह्यातील (आताचे अहिल्यानगर) आदिवासी भागात गेल्या. मुलांना पुरेसे अन्न मिळते का, याची त्यांनी पाहणी केली. खेड्यांतील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविकेचे शिक्षण दिले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.