अबू खलील अल-कब्बानी: दमास्कसच्या गल्लीतून शिकागोपर्यंत गेलेलं नाटक

सीरियाचं नाव काढलं की आज आपल्या डोळ्यांसमोर पडलेल्या इमारती आणि निर्वासितांच्या रांगा येतात. टीव्हीने आपल्याला तेवढंच दाखवलंय. पण याच सीरियाच्या दमास्कस शहरात, दीडशे वर्षांपूर्वी, एका माणसाने किस्से, शायरी आणि गाणं एकत्र करून अरबी भाषेत नव्या प्रकारचं नाटक उभं केलं. लोकांनी डोक्यावर घेतलं, मग त्याच शहरातून त्याला जावं लागलं. त्याचं नाव अहमद अबू खलील अल-कब्बानी. अरबी रंगभूमीच्या इतिहासात हे नाव मोठं मानलं जातं. आपल्याकडे मात्र ते फारसं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून हा लेख.

अबू खलील यांचा जन्म १८३०च्या दशकात दमास्कसमध्ये झाला. घराणं मूळचं तुर्की वंशाचं. कब्बान म्हणजे माल तोलायचा मोठा तराजू. बाजारात तोलाईचं काम करणारा तो कब्बानी. आपल्याकडे अत्तार, मणियार, तांबोळी ही आडनावं धंद्यावरून पडली, तसंच हे. तरुण अबू खलील तोलाईचं काम करायचे आणि उमय्या मशिदीत दीनी तालीमही घ्यायचे. म्हणजे हा माणूस दीनपासून तुटलेला किंवा परदेशी हवा लागलेला नव्हता. बाजार आणि मशीद या दोन्हींत तो वाढला होता.

त्या काळच्या दमास्कसमध्ये कला नव्हती असं नाही. कॉफीघरात रात्री हकवाती बसायचा. हकवाती म्हणजे आपल्याकडचा दास्तानगो. अंतराच्या शौर्याचे आणि सुलतान बैबर्सचे किस्से तो रोज थोडे थोडे सांगायचा आणि ऐन रंगात आल्यावर थांबायचा, म्हणजे लोक उद्या परत येतील. दुसरीकडे सूफी खानकाहांत जिक्र आणि समाच्या मैफली व्हायच्या. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मुवश्शह. अंदलुसमध्ये जन्मलेला हा गीतप्रकार शाम प्रदेशात, विशेषतः हलबमध्ये, जिवापाड जपला गेला होता. अबू खलील यांनी हे गाणं आणि त्याबरोबरचं तालबद्ध पदन्यासाचं शास्त्र हलबच्या शेख अहमद अकील यांच्याकडून शिकून घेतलं.

नाटक हा प्रकार मात्र अरबीत अगदी नवा होता. बैरूतमध्ये मारून नक्काश यांनी १८४७-४८च्या सुमारास युरोपी धर्तीवर पहिले प्रयोग केले होते, तेही आपल्या राहत्या घरी. अबू खलील यांनी तिथून पुढचं पाऊल टाकलं. युरोपचं नाटक उचलून अरबीत आणण्यापेक्षा, लोकांच्या कानात जे आधीच आहे त्यातूनच नाटक बनवायचं असं त्यांनी ठरवलं.

ते कसं करायचे तेही पाहा. कथानक बहुतेक वेळा अलिफ लैलामधलं किंवा अंतरासारख्या जुन्या किश्श्यातलं. संवाद यमक असलेल्या गद्यात आणि मध्येमध्ये शेर. प्रसंग भावनेच्या टोकाला पोचला की मुवश्शह सुरू व्हायचा, आणि सगळा ताफा मिळून गायचा. पदन्यास त्यातच गुंफलेला. प्रेक्षकाला गोष्ट माहीत, चाल ओळखीची, पण समोर जे उभं राहायचं ते त्याने कधी पाहिलेलं नसायचं. लिहिणं, चाली बांधणं, पोरांना तालीम देणं आणि रंगमंचावर उभं राहणं, हे सगळं अबू खलील स्वतः करायचे.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल पुण्यात १८८० साली रंगभूमीवर आलं. कथा लोकांना ठाऊक असलेली, आणि पदांच्या चाली कानाला सवयीच्या. लखनौला तर त्याच्याही आधी अमानतची इंदरसभा आली होती. या लोकांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण पुणे असो, लखनौ असो की दमास्कस, त्या काळी प्रत्येक ठिकाणी कुणीतरी हाच प्रश्न सोडवत होतं: नवं काही करायचं, पण आपली भाषा आणि आपला सूर न सोडता.

दमास्कसचे गव्हर्नर सुबही पाशा यांनी अबू खलील यांना उत्तेजन दिलं. पुढे १८७८ साली सुधारक विचारांचे मिदहत पाशा गव्हर्नर म्हणून आले, त्यांनी तर मदतही केली. नाटकाला गर्दी व्हायला लागली. पण जशी गर्दी वाढली तशी नाराजीही वाढली. काही शेख मंडळींचे आक्षेप होते. बायकांची कामं मुलगे करतात, रंगमंचावर इश्काच्या गोष्टी होतात, आणि सगळ्यात मोठा आक्षेप म्हणजे खलीफा हारून अल-रशीद यांना नाटकातलं पात्र बनवून लोकांसमोर उभं केलं जातं.

हे आक्षेप घेणारे सगळे वाईट लोक होते असं म्हणणं चुकीचं ठरेल. संगीताबद्दल उलेमांमध्ये पूर्वीपासून मतभेद आहेत आणि ते मिटवणं या लेखाचं काम नाही. पण तक्रार ज्या पद्धतीने झाली, ती पद्धत मात्र विचार करण्यासारखी आहे. अबू खलील यांच्याशी बसून बोलण्यापेक्षा, हे नको आणि ते चालेल असं सांगण्यापेक्षा, शेख सईद अल-गब्रा यांनी तक्रार थेट इस्तंबूलला, सुलतान अब्दुल हमीद यांच्यापर्यंत नेली. मिदहत पाशांची तोवर बदली झालेली होती. पाठीशी कुणी उरलं नाही. थिएटर बंद करण्याचा हुकूम आला. ज्या गल्लीतले लोक काल तिकीट काढून यायचे, त्याच गल्लीतली पोरं त्यांना पाहून टवाळीची गाणी म्हणायची असं सांगतात. ज्या माणसाने शहराला गायला शिकवलं, त्याच्यावरच शहराने गाणं रचलं, तेही चिडवायला.

इथे बरेच लोक थांबले असते. तराजू होताच, पुन्हा बाजारात बसता आलं असतं. पण अबू खलील यांनी ताफा गोळा केला आणि १८८४ साली समुद्रमार्गे मिसरच्या इस्कंदरियाला पोचले. तिथे एका कॉफीघरात प्रयोग सुरू झाले. अनस अल-जलीस, हारून अल-रशीद, अंतर, अफीफा अशी एकेक नाटकं लागत गेली. मग काहिरा, तिथलं ऑपेरा हाऊस, आणि त्यानंतर नाईलच्या काठाची लहानमोठी शहरं. तनता, मनसूरा, मिनया, फय्यूम. सामान बांधायचं, उतरायचं, पडदा लावायचा, तालीम करायची, प्रयोग करायचा, पुढच्या गावाला निघायचं. आपल्या तमाशाच्या फडाचं किंवा नाटक मंडळीचं जसं चालायचं, अगदी तसंच.

या फिरण्याचा एक मोठा फायदा झाला. दमास्कसमध्ये राहिले असते तर हे नाटक एका शहराचं राहिलं असतं. फिरल्यामुळे ते गावोगावच्या गाणाऱ्यांच्या कानावर पडलं. इस्कंदरियाचे सलामा हिजाझी आधी कुरआन पठण करायचे आणि अजान द्यायचे. त्याच सुमारास ते नाटकाकडे वळले आणि पुढे मिसरच्या संगीत रंगभूमीचं सर्वात मोठं नाव झाले. कामिल अल-खुलई हा संगीतकार तर अबू खलील यांचा शागिर्दच. मुवश्शहचा शामी खजिना मिसरला पोचला त्यात या ताफ्याचा वाटा मोठा आहे.

१८९३ साली अमेरिकेत शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ते वर्ष आपल्याला पाठ आहे. त्याच प्रदर्शनाच्या मैदानात तुर्की विभागाचं एक थिएटर होतं, आणि तिथे अबू खलील आपल्या कलाकारांसह गेले होते. साठीच्या आसपासचा माणूस, जहाजाचा लांबचा प्रवास, समोर अरबीचा एक शब्दही न कळणारे प्रेक्षक. तरी सूर आणि पदन्यास यांना तर्जुमा लागत नाही, याच भरवशावर ते तिथे उभे राहिले असणार.

परत आल्यावर काहिऱ्यात त्यांचं स्वतःचं थिएटर होतं. १९०० साली ते आगीत जळून गेलं. दमास्कसमध्ये हुकमाने गेलं, काहिऱ्यात आगीने. आता पुन्हा उभं करायचं वय राहिलं नव्हतं. ते दमास्कसला परतले आणि १९०३ साली तिथेच त्यांचा इंतकाल झाला. त्यांना घालवणारं शहरच शेवटी त्यांना मातीसाठी मिळालं.

आज दमास्कसमध्ये त्यांच्या नावाचं थिएटर आहे. सादल्लाह वन्नूस या मोठ्या सीरियन नाटककाराने १९७०च्या दशकात त्यांच्यावरच नाटक लिहिलं. प्रसिद्ध शायर निजार कब्बानी त्यांच्याच घराण्यातले. या माल अश-शाम हे गाणं त्यांच्या नावावर सांगितलं जातं. देश सोडून गेलेले सीरियन लोक आज जगात कुठेही जमले की ते म्हणतात, आणि म्हणताना डोळे पुसतात.

शाळेत शिकवताना दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या वेळी पालकांचा एकच प्रश्न असतो: आमच्या मुलाने स्टेजवर जावं की नाही? काही पालक मुलांना घेऊन येतात, काही नाव काढून घेतात. प्रत्येक घराची आपली भूमिका असते आणि तिचा आदर व्हायला हवा. पण मूल गाणारं किंवा गोष्ट सांगणारं निघालं, तर त्याच्याशी बसून बोलायचं की थेट दार बंद करायचं, हे मात्र आपल्या हातात आहे. हद्द कुठे आहे ते प्रेमाने सांगता येतं. दमास्कसने दार बंद केलं तेव्हा नाटक काही संपलं नाही, ते दुसऱ्या गावाला गेलं. नुकसान झालं ते दमास्कसचं, आणि ते भरून काढायला त्या शहराला पुढे कित्येक वर्षं लागली.